मुलाचं वजन, ॲपमधला रंग आणि सरकारचा आकडा: नागपुरातल्या पालकांचे आणि अंगणवाडी ताईंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरातल्या वस्त्यांमध्ये आणि कामठी, हिंगणा, पारशिवनीकडच्या गावांत पालक मेळावे घेताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही आयांचे आहेत, काही ताईंचे, एकदोन आजोबांचेही. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरं कुठल्या बाजूने आली आहेत ते कळेल. मुलाला मोजून जो आकडा मिळतो, तो सगळ्यांत आधी त्या मुलाच्या घरी समजला पाहिजे आणि त्या मुलाच्या कामी आला पाहिजे. मुंबई-दिल्लीचा नंबर त्यानंतर.

अंगणवाडीत माझ्या मुलाचं नेमकं काय काय नोंदवतात?

वजन, उंची, हजेरी, गरम ताजा आहार मिळाला का, तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळाला का, लसीकरण, आधार क्रमांक, पालकाचा मोबाईल नंबर. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून बरीच वर्षं नोंदी कागदी रजिस्टरांत होत असत. मार्च २०२१ पासून ती पोषण ट्रॅकर या मोबाईल ॲपवर जाते.

या यादीत एक गोष्ट बारकाईने बघा. वजन ग्रॅमपर्यंत लिहायचं असतं, उंची मिलिमीटरपर्यंत. शिक्षणाबद्दल मात्र मूल आलं का आणि उपक्रम झाला का, एवढ्यावर बरंचसं भागतं. शाळापूर्व शिक्षण ही योजनेच्या सहा सेवांपैकी एक आहे. तरीही वरून तपासणी आली की आहाराचा साठा आणि वजनाच्या नोंदी आधी बघितल्या जातात. ज्याची नोंद मागितली जाते त्यालाच ताईचा वेळ मिळतो, मग गाण्या-गोष्टींचा तास आपोआप आखडतो. अंगणवाडीत काहीच शिकवत नाहीत, अशी तक्रार करण्याआधी हा हिशोब लक्षात घ्या.

ॲपमध्ये माझ्या मुलाचं नाव लाल रंगात आलं. म्हणजे तो कुपोषित आहे का?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. हा रंग जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांवरून ठरतो. ही मानकं म्हणजे परदेशी मुलांचं माप आपल्या मुलांना लावणं आहे, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. ज्या अभ्यासावरून ती बनली तो ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत झाला होता, आणि भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध, पुरेसं अन्न आणि स्वच्छता मिळाली तर या सगळ्या देशांतली लहान मुलं जवळपास सारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे "आमच्या खानदानात सगळे बारीकच" म्हणून विषय मिटवतात, त्याला हे पुरेसं उत्तर आहे.

उंचीच्या मानाने वजन फारच कमी, म्हणजे मानकाच्या मध्यापासून उणे तीन प्रमाण विचलनाच्याही (हे मध्यापासूनचं अंतर मोजायचं एकक) खाली, किंवा सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, तर त्याला तीव्र कुपोषित किंवा ताईंच्या बोलीत 'सॅम' म्हणतात. असं असेल तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात दाखवा. मूल मरगळलेलं असेल, खात नसेल, पायावर सूज असेल तर त्याच दिवशी. पण आधी ताईला एवढं म्हणा की माझ्यासमोर परत एकदा मोजा.

परत मोजून काय फरक पडणार?

खूप पडतो. पूर्व नागपुरातल्या एका अंगणवाडीत वजनाच्या दिवशी मी बसले होते. दीड वर्षाच्या मुलीच्या पायात चांदीचे वाळे होते, कमरेला करदोडा, अंगात स्वेटर. आई म्हणाली, रडते, राहू द्या तसंच. ताईने तसंच लिहिलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. पण तिने मुलीला आईच्या कडेवरच गप्प केलं, एकेक वस्तू उतरवली, आणि काटा शून्यावर आहे का ते बघून मग तिला ठेवलं. वजन आधीपेक्षा कमी भरलं. आईचा चेहरा पडला, पण आकडा खरा होता.

उंचीत चूक आणखी सहज होते. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजायचं, त्यापुढच्याला उभं करून. उभ्याने मोजलेलं माप झोपवून मोजल्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर कमी येतं. टाचा फळीला टेकलेल्या नाहीत, केसांचा बुचडा सोडलेला नाही, मूल रडून वाकलं आहे, अशा वेळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. हे काम दोन माणसांचं आहे, एकाने पाय धरायचे आणि दुसऱ्याने डोकं सरळ ठेवून वाचायचं. मदतनीस रजेवर असेल तर ताईने काय करावं, हे कुठल्याच सूचनापत्रात नसतं.

सरकार म्हणतं कुपोषण कमी झालं, सर्वेक्षण म्हणतं खूप आहे. खरं कोण?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानाने बुटकी, १९.३ टक्के उंचीच्या मानाने लुकडी आणि ३२.१ टक्के कमी वजनाची आढळली. महाराष्ट्रात लुकडेपणा २५.६ टक्के होता, देशापेक्षा बराच जास्त. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याला हा आकडा शोभणारा नाही.

२०२३ च्या जागतिक भूक निर्देशांकात भारत १२५ देशांत १११ वा आला. त्यात लुकडेपणासाठी १८.७ टक्के हा आकडा धरला होता. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं की पोषण ट्रॅकरवर दर महिन्याला हा आकडा सातत्याने ७.२ टक्क्यांच्या खाली आहे. देश एक, वयोगट तोच, मानकही तेच, आणि आकड्यांत अडीच पटींहून जास्त फरक.

सर्वेक्षणात निवडक घरी जाऊन, खास प्रशिक्षण दिलेले लोक मोजतात. ॲपमध्ये अंगणवाडीत नाव असलेली आणि त्या महिन्यात मोजली गेलेली मुलं येतात. सरकारची बाजू अशी की आम्ही काही लाख नाही, सात कोटींच्या आसपास मुलं मोजतो. संख्या मोठी आहे हे खरं. पण जे मूल यादीतच नाही ते कितीही मोठ्या संख्येत सापडणार नाही. दिवाळीनंतर नागपूरच्या भोवतालच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगडहून, बालाघाट-शिवनीकडून कुटुंबं येतात. त्यांची लेकरं गावच्या अंगणवाडीच्या यादीत असतात आणि राहतात भट्टीवर. गावात गैरहजर, इथे नावच नाही. सगळ्यांत आधी मोजायला हवीत अशी ही लेकरं सगळ्यांत आधी गळतात.

दुसरी गोष्ट गणिताची आहे. ॲपमध्ये २०२४-२५ मध्ये बुटकेपणाचा आकडा ३७ टक्क्यांच्या आसपास दिसत होता, म्हणजे सर्वेक्षणाच्या जवळपासच. दरी आहे ती लुकडेपणात. लुकडेपणा ठरतो उंची आणि वजनाच्या मेळावरून. मुलाची उंची चुकून कमी लिहिली गेली, तर तेच मूल कागदावर जास्त बुटकं आणि कमी लुकडं होतं. एकच चूक एका रकान्यात कुपोषण वाढवते आणि दुसऱ्यात झाकते. एवढ्या फरकाचं सगळं कारण हेच आहे असा माझा दावा नाही. पण लुकडेपणाच्या आकड्यावर देशाची अब्रू पणाला लावायची असेल तर आधी प्रत्येक अंगणवाडीत नीट चालणारं उंचीमापक आणि ते धरायला दोन माणसं द्या, ही मागणी रास्त आहे.

माझ्या मते देशाची आणि राज्याची स्थिती सर्वेक्षणावरून ठरवावी. ॲपचा उपयोग एकेका मुलाच्या वाढीवर नजर ठेवायला करावा. त्याचा आकडा वादात ढाल म्हणून पुढे केला, की खालपर्यंत निरोप जातो की लाल रंग कमी दिसला पाहिजे.

अंगणवाडी ताईंचा ॲपला एवढा विरोध का होता? त्यांना काम नको होतं का?

हा आरोप ऐकला की मला राग येतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर ताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. कारणं साधी होती. फोनची क्षमता कमी, वारंवार बिघाड, दुरुस्तीचा खर्च ताईच्या माथी, आणि ॲप इंग्रजीत. मराठीत उत्तम रजिस्टर लिहिणाऱ्या, वीस-पंचवीस वर्षं वस्तीतलं घर न् घर ओळखणाऱ्या बाईला रातोरात अडाणी ठरवलं गेलं. भाषेची सोय नंतर झाली. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यात पुन्हा मोठा संप झाला, त्यात मानधन, ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि चांगला मोबाईल या मागण्या होत्या.

कागदावर ताई 'मानसेवी' आहे. केंद्राने २०१८ पासून तिचं मानधन ४,५०० रुपये धरलं, राज्य त्यात आपला वाटा घालतं. त्याच वेळी ॲप (तेव्हाचं, पोषण ट्रॅकरच्या आधीचं) वापरण्यासाठी महिना ५०० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरवला. म्हणजे भरलेल्या नोंदीला किंमत आहे. मुलासोबत बसून तासभर मातीचे बैल बनवले त्याला वेगळी किंमत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात ताई आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचं मान्य केलं, हे मात्र आठवणीने सांगायला हवं.

चेहरा जुळला नाही म्हणून आहार नाकारता येतो का?

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी आधारची ई-केवायसी आणि चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. मोबाईल नंबर बदललेला, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा कामावर, बाळंतपणानंतर चेहरा उतरलेला, नेटवर्क नाही. या रोजच्या अडचणी आहेत आणि भांडण ताईशी होतं.

सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ रोखू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केलं आहे. आहार मिळाला नाही तर त्या दिवशीच साध्या कागदावर तारीख, कारण लिहून बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. ताईच्या विरोधात लिहू नका. 'यंत्रणेत ओळख पटत नाही' असं लिहा.

तीन-चार वर्षांच्या मुलाची परीक्षा घेतात ते बरोबर आहे का?

नाही. एनसीईआरटीने २०१९ च्या पूर्व-शालेय शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांत लेखी किंवा तोंडी, कुठलीच परीक्षा घेऊ नये असं म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही चाचण्या-परीक्षा या वयाला अजिबात योग्य नाहीत, निरीक्षण करा आणि मुलाने केलेलं काम बघा, हीच भूमिका आहे. तरी शहरात ज्युनियर केजीची प्रगतीपत्रकं टक्क्यांत निघतात आणि आपण ती व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवतो. शाळेला दोष देताना आपला हा वाटा विसरू नये.

निरीक्षण म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. ताईने चार वर्षांच्या मुलापुढे चिंचोके आणि गुंजा ओतल्या आणि वेगळ्या कर म्हणाली. त्याने तीन ढीग केले. रंगाचा पत्ता नाही, आकाराचाही नाही. तक्त्यावर 'वर्गीकरण करतो का' पुढे 'नाही' लिहिलं गेलं असतं. ताईने विचारलं, हे कसे केले रे? तो म्हणाला, हे माझे, हे आजीचे, हे फुटलेले. त्याच्याकडे नियम होता आणि तो त्याने शेवटपर्यंत पाळला होता. फुटलेले चिंचोके आजीला न देण्यामागे आजीचा विचारही होता. ही नोंद दोन ओळींत लिहिता येते, पण हो-नाहीच्या चौकटीत बसत नाही.

पालघरकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हजेरीपट बघून 'मुलं अनियमित' असा शेरा मारणं सोपं होतं. त्यांनी तो आकडा आपल्या कामावरचा प्रश्न म्हणून वाचला.

मुलाला चित्र दाखवून नाव विचारतात, ते तर सोपं आहे ना?

चित्र कुणी निवडलं आणि उत्तर कुणी ठरवलं त्यावर आहे. आपल्याकडचं मूल बटाट्याला आलू म्हणेल, कोथिंबिरीला सांबार म्हणेल. रामटेक-पारशिवनीकडच्या घरी गोंडी बोलणारं मूल कदाचित गप्पच बसेल. तपासणाऱ्याकडे पुण्यात छापलेली उत्तरसूची असेल तर ही सगळी मुलं मागे पडली. उत्तर घरच्या बोलीतलं धरायचं, हा नियम आधी ठरवून घ्यावा.

'८५ टक्के मेंदू सहा वर्षांपर्यंत तयार होतो' असं सगळेच सांगतात. मग लवकर शिकवायला नको?

हा आकडा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे आणि तिथून तो प्रत्येक नर्सरीच्या फलकावर गेला. मेंदूची वाढ या वयात झपाट्याने होते, यात वाद नाही. पण त्यावरून तीन वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक घोकायला लावा असं कुठे निघतं? मेंदूला या वयात लागतं पोटभर अन्न, झोप, खेळ आणि त्याच्याशी भरपूर बोलणारी माणसं.

असाच दुसरा आकडा 'एक रुपया गुंतवा, कितीतरी पट परत मिळवा' हा. त्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला पेरी प्रीस्कूलचा अभ्यास आहे. १९६२ ते १९६७ मधला, गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या एकूण १२३ मुलांचा. त्यातल्या ५८ मुलांना ती बालवाडी मिळाली. तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आईला भेटत असे. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी त्याचा परतावा वर्षाला सात ते दहा टक्के काढला. आपले नेते परताव्याचा आकडा भाषणात घेतात आणि पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका हा आकडा तिथेच सोडून येतात. शिवाय मूल चार वर्षांचं असताना ते पुढे किती कमावेल यावरून त्याच्या बालवाडीचं मोल ठरवणं मला पटत नाही. त्याचा आजचा दिवस चांगला जावा, एवढं कारण पुरेसं आहे.

हे सगळं आपल्याकडेच आहे का?

नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१८ मध्ये इंग्लंड, एस्टोनिया आणि अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या मुलांची टॅब्लेटवर पाहणी केली. बालशिक्षणातल्या अनेक अभ्यासकांनी तिला कडाडून विरोध केला, कारण देशांची क्रमवारी लागली की सगळीकडचा अभ्यासक्रम त्या चाचणीच्या मागे धावू लागतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून शाळेत आलेल्या चार-पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाची पायाभूत चाचणी सक्तीची आहे. तिचे गुण शिक्षिकेलाही सांगत नाहीत आणि पालकांनाही नाहीत. सात वर्षांनी शाळेची प्रगती मोजायला ते सरकार वापरणार. मुलाच्या उपयोगाचं त्यात फारसं काही नाही, आणि माझा आक्षेप नेमका तोच आहे.

मुलाची माहिती कुठे जाते? आम्ही नाही म्हणू शकतो का?

डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती) संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची खातरजमा केलेली संमती लागते, असं त्यात आहे. पण सरकारी लाभ देण्यासाठी सरकारला बरीच मोकळीक ठेवली आहे, म्हणून अंगणवाडीपुरता हा कायदा फारसा कामी येणार नाही. खासगी नर्सरी आणि तिच्या ॲपच्या बाबतीत येईल. मुलाचे फोटो, आजारपण, वागणुकीचे शेरे कुठे साठवता आणि शाळा सोडल्यावर पुसता का, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारा. 'अपार' या विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळखक्रमांकासाठी शाळा संमतीपत्र मागते. संमती मागितली आहे याचाच अर्थ ती नाकारता येते.

मग मोजणं बंदच करावं का?

अजिबात नको. मोजमाप नसतं तर वीटभट्टीवरचं मूल उपाशी आहे हे सांगायला आपल्याकडे काहीच नसतं. अंगणवाड्या सर्वांपर्यंत नेण्याचे सर्वोच्च न्यायालयाचे आदेशही अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आले, आणि त्या लढ्यात भुकेच्या आकड्यांचा मोठा वाटा होता. मला हवंय ते वेगळं. मुलांसोबत ताई-मदतनीसही मोजा, एका ताईमागे किती मुलं ते मोजा, काटा किती महिने बंद होता तेही मोजा. ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याखाली बसलेल्या अंगणवाडीचं तापमान कुठल्या रकान्यात येतं?

पालक सभेत आम्ही काय विचारावं?

मुलाची वाढीची रेघ दाखवा, म्हणा. एका महिन्याचा रंग बघू नका, तीन-चार महिन्यांची रेघ चढते आहे का ते बघा. काटा आणि उंचीमापक कधी तपासलं, मुलाबद्दलची एखादी लेखी नोंद आहे का, भट्टीवरची किंवा बांधकामावरची मुलं यादीत घेतली का, हे विचारा. तात्पुरत्या स्थलांतरित मुलाला जिथे राहतं तिथल्या अंगणवाडीत घेता येतं. उत्तर ताईकडे नसेल तर पर्यवेक्षिकेला बोलवा, बहुतेक वेळा ताईला ते आवडतंच.

तरीही उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. ग्रामीण भागात आणि शहरातही अर्ज तुमच्या बाल विकास प्रकल्प अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्यायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तो लागत नाही, कार्डाची प्रत जोडावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.